मंदीत अमेरिकेला येताय? आधी एवढं करून ठेवा

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर आहे, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी सोबत येणार, आणि रोज नोकरकपातीच्या बातम्या. निघावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: जरूर निघा. फक्त नोकरी गेली तर काय करायचं, हे पहिल्याच महिन्यात ठरवून ठेवा.

इथे नोटीस पीरियड बहुधा नसतोच. सकाळी मीटिंग होते आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद होतो. ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळतो, साधारण तिथून पुढे इथे राहून दुसरी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. नुकसानभरपाई म्हणून मोठी रक्कम मिळाली तरी हे दिवस वाढत नाहीत. उलट आय-९४ची, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, मुदत आधी संपत असेल तर तीच खरी. पासपोर्ट लवकर संपणारा असेल तर विमानतळावर आय-९४ अनेकदा त्याच तारखेपर्यंतचं मिळतं. म्हणून नवा पासपोर्ट भारतातच करून घ्या आणि इथे उतरल्यावर तिघांचीही आय-९४ सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याच्या) वेबसाइटवरून काढून तारखा बघा.

या ६० दिवसांत नव्या कंपनीने तुमचा एच-१बीचा अर्ज दाखल केला, की मंजुरीची वाट न बघता कामाला लागता येतं. त्या अर्जाला ताज्या पे-स्लिपा लागतात, आणि लॅपटॉप गेला की त्या कंपनीच्या पोर्टलमध्ये अडकतात. त्यामुळे पगार झाला की लगेच स्लिप स्वतःकडे उतरवून घ्यायची. आय-७९७ (एच-१बीच्या मंजुरीचं पत्र) आणि भारतातल्या जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रंही जवळ असू द्या. चाळिसाव्या दिवसापर्यंत काही हालचाल दिसली नाही तर वकिलाला गाठा. बी-२साठी, म्हणजे पर्यटक म्हणून थांबण्यासाठी, आय-५३९ हा अर्ज भरायचा तर तोही मुदतीच्या आतच जावा लागतो.

बेकारभत्ता हिशेबात धरू नका. पत्नीलाही एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) सहसा काम करता येत नाही, तेव्हा सहा महिन्यांचं भाडं आणि किराणा बाजूला हवाच. घराचा करार साधारण वर्षाचा असतो. मध्येच सोडल्यास किती भरावं लागेल, ते कलम सही करण्याआधी वाचा. घर विकत घ्यायची घाई नको. नोकरी गेल्यावर कंपनीचा आरोग्यविमा चालू ठेवायचा तर बहुतेक ठिकाणी कोब्रा मिळतो, म्हणजे तोच विमा स्वतःच्या खर्चाने पुढे चालवायची सोय. पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के. निवडायला ६० दिवस असतात आणि कव्हर मागच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी चेक फाडायची गरज नाही.

सरकारी शाळेला फी नाही, पण शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणून आधी शाळा बघा, मग घर. लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांकडून सुवाच्य इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन आणा. महिना अक्षरात लिहायला सांगा, कारण ०४/०७ म्हणजे इथे ७ एप्रिल, आणि तारखांचा घोळ झाला की डोस पुन्हा द्यायला लावतात. शाळेने टीबीची चाचणी मागितली, तर लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याऐवजी रक्ताची चाचणी मागा.

करमणुकीची काळजी सोडा. भाडेकरार दाखवला की सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड फुकट मिळतं. त्यावर पुस्तकं, लिबी या ॲपवर ई-बुक, मुलांसाठी गोष्टींचा तास आणि पुष्कळ ठिकाणी संग्रहालयांचे पासही मिळतात. पास शनिवार-रविवारसाठी आधीच संपतात, तेव्हा दोन-तीन आठवडे अगोदर नोंदवा. पत्नीसाठी तिथेच इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग असतात का, तेही विचारा.