टीबीच्या गोळ्या चालू असताना एसजीपीटी वाढले तर?

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे आहेत. फुप्फुसाच्या टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. परवाच्या तपासणीत एसजीपीटी ९६ आले, लॅबची मर्यादा ४० आहे. बिलिरुबिन ०.८ आहे. त्यांना काहीच त्रास नाही, जेवणही व्यवस्थित आहे. दीर म्हणतात, लिव्हर खराब होतंय, गोळ्या बंद करा. काय करावे?

उत्तर : गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अहवाल मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

एसजीपीटी हे यकृतातले एन्झाइम, यकृताला त्रास झाला की रक्तात वाढते. हा आकडा लॅबच्या कमाल मर्यादेच्या किती पट आहे, ते आधी पाहायचे. ४० च्या हिशेबाने ९६ म्हणजे सुमारे अडीच पट. डॉक्टर साधारणपणे दोन रेषा धरतात : मळमळ, उलट्या, भूक मरणे, पोटात उजवीकडे दुखणे असा त्रास असेल तर तीन पट (इथे १२०), आणि काहीही त्रास नसला तरी पाच पट (इथे २००). ती ओलांडली किंवा कावीळ दिसली, की यकृताला झेपत नसलेली औषधे थांबवली जातात. तुमच्या पतींचा आकडा दोन्हींच्या खाली आहे आणि बिलिरुबिनही (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) ठीक आहे. आयसोनियाझिड हे टीबीच्या गोळीतले एक औषध घेणाऱ्या दहा ते वीस टक्के लोकांत एन्झाइम्स थोडी वाढतात आणि औषध चालू असतानाच बहुधा खाली येतात.

तरी एका अहवालावर निश्चिंत होऊ नये. एक-दोन आठवड्यांत, शक्यतो त्याच लॅबमध्ये, तपासणी पुन्हा करा. आकडा चढतोय की उतरतोय, हे एका अहवालातून कळत नाही. एसजीपीटीसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही, पण आधीचे दोन-तीन दिवस जड अंगमेहनत टाळा. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात येतात, एसजीओटी हे दुसरे एन्झाइम तर जास्तच. उपचाराआधीचा अहवाल असेल तर तो शोधून सोबत न्या. मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असलेल्यांचे एसजीपीटी पुष्कळदा आधीपासूनच वाढलेले असते आणि दोष गोळ्यांना लागतो. हिपॅटायटिस बी आणि सी तपासले नसेल तर तेही विचारा.

दारू पूर्ण बंद. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच. आणि ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून काढे सुरू करू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवले आहे. त्यात काढा आणि टीबीची औषधे एकत्र चालू असली, तर इजा कशामुळे झाली हे ठरवणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

उलट्या सुरू झाल्या, अन्नावरची वासना उडाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. चार औषधांपैकी पायराझिनामाइड, आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन यकृताला त्रास देऊ शकतात, एथॅम्ब्युटॉल सहसा देत नाही. एकाच गोळीत चारही असल्याने घरी एकेक वगळून पाहता येत नाही. गोळ्या थांबवाव्या लागल्याच, तर एन्झाइम्स दुप्पट मर्यादेच्या आत आल्यावर डॉक्टर एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सुरू करतात, बहुधा आधी रिफॅम्पिसिन. तोवर टीबी मोकळा सुटू नये म्हणून यकृताला सोसवतील अशी दुसरी औषधे देता येतात. गोळ्या मनानेच अर्धवट सोडल्या, तर आजार उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात. सरकारच्या टीबी कार्यक्रमाची (निक्षय) मोफत हेल्पलाइन : १८००-११-६६६६.

प्रश्न : टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. ही कावीळ तर नव्हे?

उत्तर : हा रिफॅम्पिसिनचा रंग आहे. पहिल्या डोसपासून दिसतो, घाम आणि अश्रूंनाही येतो, त्याने अपाय होत नाही. मात्र लघवी चहासारखी गडद झाली तर डोळ्यांचा पांढरा भाग दिवसा खिडकीपाशी नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली फिकट पिवळेपणा नजरेतून सुटतो. नेहमीच्या डोसमध्ये रिफॅम्पिसिनच्या रंगाने डोळे पिवळे होत नाहीत. तसे दिसले तर बिलिरुबिन आणि एसजीपीटी त्याच दिवशी तपासून घ्या.