‘पोरगा तिथं वायरीच गुंडाळते’

टीव्ही-सिनेमाचं प्रॅक्टिकल शिकायला शहरात गेलेल्या मुलांच्या पालकांकडून एक तक्रार मी वारंवार ऐकते: पोराच्या हातात कॅमेरा येतच नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांनी ती अशी मांडली, ‘मॅडम, धान विकून फीस भरली अन् पोरगा तिथं वायरीच गुंडाळते. रोज फोनवर वापस येऊ का म्हणते. आणू का त्याले?’

मुलाला आपण सागर म्हणू. ओळख पटू नये म्हणून इतर तपशीलही थोडे बदलले आहेत. पदवीनंतर पुण्यातल्या एका खासगी संस्थेत त्यानं वर्षाचा कोर्स घेतला होता.

फोनवर तो आधी नुसतं हो-नाही करत राहिला. काल स्टुडिओत काय केलंस, असं विचारल्यावर मोकळा झाला. चर्चेच्या कार्यक्रमाचा सराव होता. तीन कॅमेरे, कंट्रोल रूममध्ये दिग्दर्शक, आणि टॉकबॅकवर, म्हणजे कानाला लावलेल्या हेडफोनवर, त्याच्या भराभर सूचना: ‘टू, टाइट कर’ (दोन नंबरच्या कॅमेऱ्यानं आणखी जवळून दाखवायचं), ‘थ्री, स्टँडबाय’ (तीन नंबरनं तयार राहायचं). सागरला अर्थ लागेपर्यंत पुढचा कट झालेला असायचा. शहरातल्या मुलांनी कॅमेरे आधीच हाताळलेले, ती पुढे सरसावायची. केबलचं काम सागरला कोणी दिलं नव्हतं. मागे राहता येतं म्हणून त्यानंच ते धरलं होतं.

केबल गुंडाळणं हे शिक्षण आहे का? आहे. मोटरपंपाची वायर आपण कोपरावर गुंडाळतो, तशी माइकची केबल गुंडाळली तर तिला पीळ बसतो, आतल्या बारीक तारा तुटतात आणि ऐन रेकॉर्डिंगला खरखर येते. म्हणून एक वेढा सरळ, पुढचा उलटा घालतात. तसंच, ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्यातलं चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर आणलं की ते थांबतं. असल्या गोष्टी हातात बसाव्याच लागतात. पण वर्षभर एकच काम करत राहणं म्हणजे शिकणं नव्हे. तिथं वडिलांचं म्हणणं रास्त होतं.

सागरला मी रोजच्या नोंदींची वही ठेवायला सांगितली. एका बाजूला टॉकबॅकचे शब्द आणि त्यावर कॅमेऱ्यानं काय करायचं ते. दुसऱ्या बाजूला त्या दिवशी आपलं काम कोणतं होतं, चूक काय झाली, ती कोणी दाखवली. काही आठवड्यांच्या नोंदींत कॅमेरा आणि एडिटिंग एकदाही आलं नव्हतं. वही घेऊन सरांकडे जा आणि पाळी माग, असं म्हटलं. आधी तो दारावरून परत आला. नंतर गेला, आणि सरांनी सगळ्यांच्याच पाळ्या लावल्या.

कॅमेऱ्यावर तो साधारण निघाला. कान मात्र तयार होता. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेच्या, रात्री झाडीपट्टीची (आपल्या पूर्व विदर्भातली) नाटकं तो लहानपणापासून साउंडवाल्याजवळ बसून बघत आलेला. रात्रभराच्या प्रयोगात कोणाचा आवाज कुठं पडतो, हे त्याला सांगावं लागत नाही. सेटवर पंख्याची घरघर सगळ्यांत आधी त्यालाच ऐकू येते. सीन संपल्यावर सगळ्यांना गप्प करून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा, म्हणजे एडिटिंगमध्ये सांधे बुजवता येतात. त्याची आठवण आता तोच करून देतो. मला याचा फार आनंद वाटतो. झाडीपट्टीतली ही जागरणं कामाची आहेत, असं आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही.

वडिलांना मी नोकरीची हमी दिली नाही. या धंद्यात पुष्कळसं काम प्रोजेक्टपुरतं असतं, सुरुवातीला पैसे तोकडे मिळतात, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचार करून दुसरा हप्ता भरायचं ठरवलं. मग म्हणाले, ‘लहानीलेही हेच शिकाचं आहे.’ तिच्यासाठी फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न कागदावर लिहून दिले: एका कॅमेऱ्यामागे मुलं किती, प्रत्येकाची पाळी प्रत्येक कामाला लागते का, शेवटी स्वतःची फिल्म पूर्ण होते का, आणि ती लावून चुका कोण दाखवतं. पुण्याच्या एफटीआयआयचं (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) नावही लिहिलं. 1960 साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेच्या टीव्ही विभागात दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग आणि साउंड यांचे एकेक वर्षाचे कोर्स आहेत. त्यांना पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तयारीला वेळ आहे. पुढच्या आठवड्यात तिला भेटायला बोलावलंय.