विदर्भातल्या शाळेत मुलांना आदिवासींची आगीबद्दलची जाण कशी शिकवावी?

मार्चमध्ये मुलांना सरळ मोहाच्या झाडाखाली न्या, सोबत गावातली जाणती आजी असू द्या. गळून पडलेली मोहफुलं वेचताना नीट दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळतात. आजीला विचारू द्या: आधी झाडून ढीग का करायचा, वारा पडल्यावरच का पेटवायचं? मग पाला न झाडता पेटवलेली जागा दाखवा. करपलेलं मोहाचं रोपटं मुलांनी हातात घेऊन बघावं. मोठं झाड जाड सालीमुळे तगतं, रोपटं जातं. तेंदू, म्हणजे विडीच्या पानांचं झाड, मात्र मुळातून पुन्हा फुटतो, म्हणून नव्या पानांसाठी आग लावतात. वरच्या वर्गांना २००६ च्या वनहक्क कायद्यातला ग्रामसभेचा जंगल राखण्याचा अधिकारही सांगा. ‘आदिवासी जंगल जाळतात’ हे वाक्य वर्गात कृपया नको, समोर त्याच घरची लेकरं बसलेली असतात. आणि पेटवून दाखवू नका.