माइकपासून मागे सरकणारी पावलं

‘चार माणसांत मी मोकळी बोलते, गाते, पण समोर माइक आला की घसाच आवळतो. ही भीती कधी जाईल का?’ मी समुपदेशक; हा प्रश्न माझ्याकडे शिक्षक आणतात, निवेदक आणतात, हौशी गायक तर हमखास आणतात. उत्तर म्हणून एका कीर्तनकार ताईंची हकिकत सांगते. त्यांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई नारदीय कीर्तन करतात. पाठांतर पक्कं, गळा तयार. जुन्या वाड्यातल्या रामासमोर, माइकशिवाय, दीड तास उभ्या राहून पूर्वरंग-उत्तररंग सहज रंगवायच्या. मोठ्या मांडवात मात्र नमनालाच आवाज चिरकायचा आणि आख्यानापर्यंत घसा बसायचा. ‘मॅडम, मी मुळात भित्रीच आहे,’ हे निदान त्या स्वतःच करून आल्या होत्या. मैत्रिणीने धडधड थांबवणारी गोळीही देऊ केली होती. ती घेतली नाही हे उत्तम झालं. त्या जातीची काही औषधं दमा असणाऱ्याला धोक्याची ठरतात आणि ताईंना लहानपणापासून दमा आहे. अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात, मग देणारी कितीही जिवलग असो.

मला खटकलं ते वेगळंच. वाड्यातही समोर माणसं होतीच की. माणसांची भीती असती तर ती तिथेही दिसली असती. म्हणून त्यांच्या एका कार्यक्रमाचं मोबाइलवरचं चित्रण आम्ही आवाज बंद करून पाहिलं. मी फक्त पावलं बघा म्हटलं. दर दोन-चार वाक्यांनी ताई अर्धं पाऊल मागे जात होत्या. मध्यंतरापर्यंत त्या माइकपासून चांगल्या हातभर लांब होत्या.

का, तर कर्ण्यातून येणारा आपला आवाज त्यांना नकोसा व्हायचा. यात नवल काही नाही. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खालचे सूर भरदार करून देतात. स्पीकरमधून फक्त हवेतला आवाज येतो. तो पातळ, परका वाटतो. ताई त्याच्यापासून लांब पळत होत्या. पण तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते. चार बोटांवरून हातभर अंतरावर गेलं की जवळजवळ 18 डेसिबल गेले. मग माइकवाला बटण वाढवतो. आता माइकला ताईंइतकेच तबला, पेटी आणि समोरचे कर्णेही ऐकू येतात, आणि शिट्टी वाजते. सगळा मांडव वर बघतो. ताई आणखी अर्धं पाऊल मागे.

आमच्या भाषेत याला सुरक्षेसाठी केलेलं वर्तन म्हणतात. भीतीपासून वाचायला माणूस जे करतो, त्यानेच भीती खरी ठरते.

त्यात दोन गोष्टींची भर होती. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये दाखवून दिलं की गोंगाटात स्वतःचं बोलणं ऐकू येईना झालं की माणूस नकळत आवाज चढवतो. घसा बसत होता तो यामुळे. ताई तबल्याशी भांडत होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे मांडवासमोरची शाळेची इमारत. तिच्या भिंतीवर आपटून ताईंचंच वाक्य त्यांच्याकडे उशिरा परत यायचं. भिंत 34 मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन यायला सुमारे 0.2 सेकंद लागतात. बर्नार्ड ली यांनी 1950 मध्ये असाच उशिराने परतणारा आवाज लोकांना कानात ऐकवला, तेव्हा चांगले बोलणारेही अडखळले. यात भित्रेपणा कुठे आला?

पुढची बैठक मी खोलीत घेतलीच नाही. ओळखीच्या एका माइकवाल्या दादांना विनवून रिकाम्या सभागृहात दुपार मागून घेतली. ‘ताई, तुम्ही जवळ या, मी आवाज खाली घेतो,’ हे त्यांचं पहिलंच वाक्य माझ्या पुष्कळ वाक्यांपेक्षा कामाचं निघालं. चार बोटांच्या अंतरावर आल्यावर मंचावरच्या बहुतेक माइकमध्ये खालचे सूर आपोआप भरतात. ताईंना आपला आवाज पहिल्यांदाच ओळखीचा वाटला. फक्त ‘पुंडलिक वरदे’ म्हणताच ‘प’चा धप्प धक्का बसला. तेव्हा माइक हनुवटीच्या पातळीला, किंचित तिरका केला, म्हणजे श्वासाचा झोत बाजूने जातो. त्यांचा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, दादांनी माइकच्या बरोबर मागे, ताईंकडे तोंड करून ठेवला. मंचावरचे बहुतेक माइक मागच्या बाजूने कमीत कमी ऐकतात, म्हणून तिथून शिट्टीचा धोका कमी, आणि ताईंना भिंतीआधी स्वतःचा सूर मिळतो.

पदराला लावायच्या छोट्या माइकचा आग्रह त्यांच्या घरच्यांनी धरला होता. मला तो पटला नाही. तो तोंडापासून लांब, बहुधा चारी बाजूंचं ऐकणारा, त्यात चिपळ्या आणि पदराची खसखस. शिट्टी आणखी लवकर वाजली असती.

मग सराव. मुद्दाम जवळ उभं राहायचं, आपला मोठा आवाज ऐकायचा, नकोसा वाटला तरी पाऊल जागचं हलवायचं नाही. तार सप्तकात जाताना मात्र मान जरा मागे, पाय तिथेच. आणि कार्यक्रमाआधीची चाचणी ‘हॅलो, वन टू थ्री’वर उरकायची नाही. आख्यानातलं सगळ्यात चढं पद पूर्ण गळ्याने, तबल्यासकट म्हणून बघायचं. ‘फू फू’ तर नकोच. माइकवाले त्याने मनातून वैतागतात.

ताईंची धडधड गेलेली नाही. पहिल्या काही मिनिटांत हात अजून थरथरतो, म्हणून माइक त्या हातात न घेता स्टँडवरच ठेवतात. गळा मात्र आता शेवटच्या आरतीपर्यंत टिकतो. गावात पोचल्यावर त्या संयोजकांआधी माइकवाल्यांना भेटतात.

तुमचीही तक्रार अशीच असेल तर आधी एवढं तपासा: माइक नसताना, तेवढ्याच माणसांसमोर, तुम्ही मोकळे असता का? असाल, तर एखादी दुपार माइकवाल्याबरोबर काढा. नसाल, माइक नसतानाही शब्द अडत असतील, आमंत्रणं टाळली जात असतील, तर अडचण माइकची नाही. त्यासाठी समुपदेशकाकडे या. ते काम वेगळं असतं आणि त्याला जरा वेळ द्यावा लागतो.