वारा झोंबतो की बोचतो?

प्रश्न असा आला आहे: ‘पहाटेचा वारा कानांना झोंबत होता’ या वाक्यातलं ‘झोंबत’ खोडून मुद्रितशोधकांनी ‘बोचत’ केलं. झोंबते ती मिरची, वारा बोचतो, असं त्यांचं म्हणणं. बरोबर काय?

‘झोंबत’च ठेवा. ‘बोचत’ही चालेल, बोचरी थंडी आपण म्हणतोच, पण खोडण्यासाठी दिलेलं कारण पटणारं नाही. झोंबणं म्हणजे अंगाशी भिडणं, धरून न सोडणं. झोंबाझोंबी आणि कुस्तीतली झोंबी याच घरातल्या. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली ती सोळाव्या शतकात, आणि तिने नावसुद्धा मिऱ्यावरून घेतलं. क्रियापदावर तिचा एकटीचा हक्क कुठून येणार?

आपण कशाकशाला झोंबतं म्हणतो ते बघा. मिरची, फेसलेली मोहरी, जखमेवरचं स्पिरिट, चुलीचा धूर, गार वारा, कुणाचं तरी बोलणं. आणि कशाला म्हणत नाही? पुदिन्याला. पुदिना गार लागतो, झोंबत नाही. ही वाटणी कुठल्या वैयाकरणाने केलेली नाही, पण शरीरातल्या वाटणीशी ती बरीच जुळते.

जिभेवर, नाकात, कातडीत चेतातंतूंची टोकं असतात आणि त्यांच्या आवरणात आयन चॅनेल नावाची प्रथिनांची दारं. दार उघडलं की सोडियम, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीतल्या कॅप्सायसिनने उघडणारं दार शोधलं, टीआरपीव्ही१. तेच दार साधारण ४३ अंशांच्या उष्णतेनेही उघडतं. त्यामुळे ‘तोंड भाजलं’ ही अतिशयोक्ती नाही, मेंदूला खरोखरच तशी वर्दी जाते. मिरच्या चिरून झाल्यावर हात कोमट पाण्याखाली धरले की आग आणखी भडकते, तीही याच दारामुळे: कॅप्सायसिन असताना ते एरवीपेक्षा कमी उष्णतेलाही उघडतं. २००२ मध्ये पुदिन्याच्या कुळातल्या मेंथॉलने आणि गारव्याने उघडणारं टीआरपीएम८ सापडलं. ते ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांच्या गटांना स्वतंत्रपणे मिळालं. पुढे २०२१ चं नोबेल या दोघांना विभागून मिळालं.

तिसरं दार टीआरपीए१, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं. मोहरी, वसाबी, कच्चा लसूण, धुरातलं अ‍ॅक्रोलिन, सगळे इथे धडकतात. हे दार ज्या वेदनावाहक पेशींत असतं त्यांत मिरचीचं टीआरपीव्ही१ही असतं. मेंथॉलचं दार मात्र बहुतांशी वेगळ्या पेशींत. मिरची आणि मोहरी दोन्ही झोंबतात आणि पुदिना नुसता गार लागतो, त्याचं मूळ इथे आहे.

मोहरीवर जरा थांबतो, कारण तिचं झोंबणं शब्दशः आहे. अख्खा दाणा चावला तर आधी फारसं काही होत नाही. फोडणीत तडतडली की तर ती सज्जनच होते, कारण उष्णतेने तिच्यातलं विकर (एन्झाइम) मरतं. पण दाणे कुटून पाण्यात फेसले की ते विकर एका निरुपद्रवी द्रव्याला फोडून उडतं, झणझणीत तेल मोकळं करतं. ‘मोहरी चढली’ म्हणतात ते हेच. म्हणून ती नाकात जाते, आणि न उडणारी मिरची तोंडातच ठाण मांडते. कॅप्सायसिन दाराच्या एका खोबणीत नुसतं बसतं. मोहरीचा रेणू टीआरपीए१ मधल्या गंधकयुक्त घटकाला रासायनिक बंधाने पकडतो. झोंबीच ती!

आता वारा. इथे जपून बोलायला हवं. टीआरपीए१ कडाक्याची थंडी ओळखतं, असं २००३ मध्ये पाटापुटियन यांच्या गटाने मांडलं. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत त्यावर अजून वाद आहे. मात्र कातडीचं तापमान साधारण १५ अंशांखाली गेलं की नुसत्या गारव्यात वेदना मिसळू लागते, हे मान्य आहे. ‘गार लागतंय’ आणि ‘थंडी झोंबतेय’ यांत आपण करतो तो फरक हाच. तुमचा वारा दुसऱ्या जातीचा आहे, आणि कानांच्या पाळ्यांना तर तो पहिल्यांदा कळतो.

बोचण्याला टोक लागतं: काटा, सुई, खोचक प्रश्न. झोंबणं पसरतं आणि चिकटून राहतं. उघड्या जखमेवर लिंबू पिळलं तर ‘चरचरलं’ मी आधी म्हणेन, पण ‘झोंबलं’ म्हणणाऱ्याला टोकणार नाही.

टोकेन ते तिरफळाच्या बाबतीत. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं हे फळ झोंबत नाही, त्याने जिभेला झिणझिण्या येतात. त्याचं चिनी भावंड, सिचुआन मिरी, ओठांना लावून २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्या झिणझिण्या मोजल्या, तर त्या सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारख्या भासत होत्या. म्हणजे तिथे वेदनेचे नव्हे, स्पर्शाचे तंतू जागे होतात. ‘तिरफळ झोंबलं’ असं कुणी लिहिलं, तर तिथे मुद्रितशोधकांची लाल पेन्सिल खुशाल चालू द्या.