घाटात ओकणारा कुत्रा, गाडीतलं मांजर

प्रश्न: आमचा ११ महिन्यांचा लॅब्राडोर गाडीत बसला की कात्रज ओलांडायच्या आत लाळ गाळायला लागतो आणि खंबाटकीत ओकतो. मे महिन्यात आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जायचं आहे. घरी ठेवायला कोणी नाही. आपण प्रवासात उलटीसाठी घेतो ती अव्होमिनची गोळी त्याला चालेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी लाळ नेमकी केव्हा सुटते ते पाहा. गाडीचं दार उघडताच तो मागे सरत असेल आणि इंजिन सुरू व्हायच्या आधीच लाळ गळत असेल, तर ती भीती आहे. बऱ्याच कुत्र्यांना गाडी म्हणजे डॉक्टर आणि सुई एवढंच माहीत असतं. वळणं लागल्यावरच त्रास होत असेल, तर प्रश्न कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागाचा. पिल्लांमध्ये तो पुरता तयार झालेला नसतो, त्यामुळे वर्ष-सव्वा वर्षात अनेकांचा त्रास आपोआप कमी होतो.

भीतीवर गोळी नाही, सवय लागते. निघण्याआधी तीन आठवडे सुरुवात करा. पहिले काही दिवस बंद गाडीत त्याच्यासोबत पाच मिनिटं बसा, तिथेच खाऊ द्या. मग इंजिन सुरू, पण गाडी जागेवर. मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. त्यानंतर १०-१५ मिनिटांची चक्कर, आणि ती टेकडीवर किंवा मैदानावर संपली पाहिजे. कुठल्याही टप्प्यावर लाळ सुटली तर एक पायरी मागे या. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात.

अव्होमिन स्वतःच्या मनाने देऊ नका. कुत्र्यांच्या प्रवासातल्या उलटीसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, ते डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. निघण्यापूर्वी किमान दोन तास, अगदी थोड्या खाण्यासोबत ते देतात. प्रवासासाठीचा डोस साध्या उलटीच्या डोसच्या कितीतरी पट असतो, म्हणून मागच्या आजारपणातली उरलेली गोळी अंदाजाने देऊन काम होत नाही. गोळी पहिल्यांदाच प्रवासाच्या दिवशी देऊ नका. आधी एखाद्या रविवारी सिंहगडाच्या वळणांवर तपासून पाहा.

पहाटे पाचला निघणार असाल तर आदल्या रात्री आठपर्यंत जेवण उरका. पहाटे तीनपर्यंत गोळीपुरता घास आणि थोडं पाणी, बस. पण पोट दिवसभर रिकामं ठेवलं तर पिवळा फेस ओकतो, म्हणून कोल्हापूरच्या आसपास बिनफोडणीचा मूठभर दहीभात द्या. निपाणीहून आजऱ्याकडे वळलात की खाणं बंद. आंबोलीत १५ मिनिटं फिरवा आणि मगच घाट उतरा. तिथे काच वर ठेवा. रस्त्याकडेला माकडं बसलेली असतात आणि भुंकणाऱ्या कुत्र्याला ती बधत नाहीत.

आता चालवणाऱ्याबद्दल. मागच्या सीटवर मळमळतं ते नुसत्या वळणांनी नव्हे. वळणात शिरून मग ब्रेक दाबला की सगळे पुढे फेकले जातात, आणि हे दाणोली येईपर्यंत चालू राहतं. वेग वळणाआधी कमी करा, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरू द्या. ब्रेक तापत नाहीत, आणि कुत्र्याइतकाच फायदा मागे बसलेल्या आजींनाही होतो.

प्रश्न: कुत्र्याला मागच्या सीटवर पट्ट्याला बांधून ठेवलं तर चालेल ना? आणि जेवायला उतरल्यावर काच थोडी उघडी ठेवून गाडीत बसवला तर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: गळपट्ट्याला नको. जोराचा ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या आणि सीटबेल्टच्या खाचेत अडकणारा छोटा पट्टा त्याला लावा. लांबी इतकीच, की बसता-लोळता यावं पण पुढच्या दोन सीटच्या मध्ये येता येऊ नये. पुढे शेजारी बसवू नका. एअरबॅग माणसाच्या मापाने उघडते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साफ नाही असं आहे. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी आणि अर्ध्या तासात जवळजवळ २० अंशांनी चढतं. बाहेर ३० असेल तर मिसळ येऊन संपेपर्यंत आत ५० झालेले असतात. काच चार बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि आतली हवाच तापली की धापेचा उपयोग नाही. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्यांना तर त्याहून कमी वेळ मिळतो. एकाने बाहेर थांबायचं, बाकीच्यांनी जेवायचं, मग अदलाबदल.

दर दोन-अडीच तासांनी थांबाच. ढाब्यापेक्षा पेट्रोलपंपाची मागची कड बरी. ढाब्यावर भटक्यांची टोळी असते आणि पाहुणा तिला खपत नाही. साखळी आधी हातात, दार मग. हायवेवर कुत्री निसटतात ती बहुतेक याच क्षणी. डांबरावर पालथा हात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याला मातीवरून चालवा. कोकणात गवतात खेळून आला की रोज कानांच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड शोधा.

प्रश्न: बदलीमुळे नागपूरहून ठाण्याला समृद्धीवरून गाडीने जायचं आहे. सोबत मांजर आहे. ते पिंजऱ्यात किती तास राहील?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: बहुतेक मांजरं आठ-दहा तास शू-शी धरून ठेवतात, त्यामुळे काळजी त्याची कमी आणि पिंजऱ्याच्या भीतीची जास्त. पिंजरा आठवडाभर आधी घरात उघडा ठेवा, आत त्याच्याच अंगाचा वास असलेली चादर. प्रवासात तो पुढच्या सीटच्या मागे, खाली घट्ट बसवा आणि अर्धा झाका. निघण्यापूर्वी चार-पाच तास खाणं नाही. छोट्या ट्रेमध्ये घरच्याच वाळूतली दोन मुठी वाळू न्या. बाहेर काढायचं ते सगळी दारं-काचा बंद असतील तेव्हाच. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते कुत्र्यासारखं साधं लक्षण समजू नका. लगेच थांबा, गारवा द्या, डॉक्टर गाठा.

समृद्धीवर खरी तयारी लागते ती टायरची आणि झोपेची. उन्हाळ्यात हवा कमी भरायची, हा समज उलटा आहे. कमी हवेचं टायर जास्त दबतं, दबलं की तापतं आणि १२०च्या वेगाला फुटतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहा, सामानासह गाडी भरलेली असेल तर त्यातला पूर्ण लोडचा, आणि टायर गार असताना, म्हणजे घराजवळच्याच पंपावर, हवा भरा. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षं उलटलेलं टायर, नक्षी कितीही खोल दिसो, या रस्त्यावर नेऊ नका.

सरळ रस्ता, एकसुरी आवाज आणि आतल्या आत फिरणारा एसी, एवढं डोळा लागायला पुरतं. बंद गाडीत उच्छ्वासाची हवा साठत जाते, म्हणून दर अर्ध्या तासाने एसीची बाहेरची हवा पाच मिनिटं चालू करा. मागचे दोन किलोमीटर आठवेनासे झाले, तर पुढच्या थांब्यावर २० मिनिटं झोपा. चहा झोपण्याआधी घ्या, उठेपर्यंत तो अंगात उतरतो.