किल्ले, पक्षी आणि घरची मुलं: पहिला मिररलेस कॅमेरा कोणता घ्यावा?

किल्ले, पक्षी आणि घरची मुलं टिपायला तुम्हाला पहिला मिररलेस कॅमेरा (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) हवाय. तुम्ही कॅनन आर50 आणि निकॉन झेड50 टू यांच्यात अडकला आहात, आणि दुकानदार म्हणतोय की निकॉनचा झेड30 घ्या, पैसे वाचतील.

झेड30 आधी बाद करा. कॅमेरा वाईट नाही, पण त्याला व्ह्यूफाइंडरच, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकीच नाही. माझा पहिला कॅमेरा असाच होता. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी भर दुपारी स्क्रीनवर मला फक्त माझा घामेजलेला चेहरा दिसत होता. फ्रेम अंदाजपंचे लावली. घरी येऊन बघतो तर सगळ्या फोटोंत क्षितिज कललेलं.

उरले दोन. 24 आणि 21 मेगापिक्सेलच्या वादात पडू नका, फोटोत तो फरक कुणालाही कळणार नाही. आर50 बॅटरी-कार्डासकट 375 ग्रॅमचा, झेड50 टू साधारण 550चा. चढताना हे जाणवतं. पण झेडची पकड खोल आहे, आणि लांब लेन्स लावली की आर50 माझ्या हातात तरी पुढे झुकतो.

खरा प्रश्न लेन्सचा. भिगवणला किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी छोटी लेन्स) घेऊन गेलात तर रोहित पक्षी म्हणजे पाण्यावरचे गुलाबी ठिपके. लेन्सवरचा मिलिमीटरचा (एमएम) आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. निकॉनची 50-250 तिथे कॅननच्या 55-210 पेक्षा थोडी जास्त जवळ नेते, आणि झेड50 टू मध्ये पक्ष्यांसाठी वेगळा फोकस मोड आहे.

घरातल्या फोटोंचं दुखणं वेगळं. कॅननची 18-45 किट लेन्स झूम केल्यावर एफ 6.3 वर येते; एफचा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा उजेड कमी. एफ 1.8 ची लेन्स तिच्या बारा पट उजेड आत घेते. ट्यूबलाइटखाली पळणारं पोर तिच्यातच धारदार येतं. मात्र कॅननची एफ 1.8 ची स्वस्त 50 एमएम आर50च्या लहान सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) 80 सारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं आणि आपल्या हॉलमध्ये तुम्ही मागे सरकत सरकत भिंतीला टेकणार. निकॉनची 24 एमएम एफ 1.7 घरात जास्त सोयीची.

तुमच्या जागी मी झेड50 टू दोन लेन्सच्या किटमध्ये (छोटी लेन्स आणि 50-250) घेईन आणि 24 एमएमसाठी दिवाळीपर्यंत थांबेन. बजेट ताणलं जात असेल तर आर50 घ्या, पण 55-210 सकट. आणि दुकानदार ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणाला तर सरळ बाहेर पडा. बिलाशिवाय वॉरंटीचं काही खरं नसतं.